घर बंद करून जाताना

माझे सासरे घराबाहेर पडायचे ते सगळ्यांत शेवटी. आधी आम्हा सगळ्यांना चपला घालून जिन्यात उभं करायचे आणि मग एकटे घरभर फिरून यायचे. गॅसचा रेग्युलेटर बंद, गीझर बंद, नळ घट्ट, पाण्याचा मेन कॉक बंद, खिडक्यांच्या कड्या, देवापुढचं निरांजन विझलंय ना, आणि सरतेशेवटी दाराबाहेरच्या पेटीतला मेन स्विच खाली. मग कुलूप. ते दोनदा ओढून बघायचं. रिक्षात बसल्यावर परत सासूबाईंना विचारायचं, “ओढून बघितलं ना मी?” सासूबाई “हो, बघितलंत” म्हणायच्या, आणि मग रिक्षा निघायची.

मी डोंबिवलीची. आमच्याकडे दार ओढून घेतलं की घर बंद. लग्नानंतर पुण्यात हा सोहळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हे सगळे वर्षभरासाठी कुठे निघालेत की काय. निघालो होतो आत्याबाईंकडे जेवायला.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे २००९ साली, आम्ही बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, इंग्लंडात नॉटिंगहॅमला आणलं. मी तिथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. लाल विटांचं, शेजाऱ्याच्या घराला एका भिंतीनं चिकटलेलं छोटंसं घर आम्ही नुकतंच घेतलं होतं. बाबांनी आता कायमचं आमच्याकडे राहावं असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. पुण्यात रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटेच चहा करून पितात, हे चित्र काही डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. बाबा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. “एक हिवाळा काढून बघतो,” म्हणाले, “मग सांगतो.”

यात मी काही सद्गुणी सुनेचा आव आणत नाही. मला ते आवडायचे, एवढंच. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, कमी बोलणारा, पण पोह्यांत मीठ कमी पडलं तर चेहऱ्यावरून कळायचं. मी संध्याकाळी कामावरून आले की दार उघडायला कुणीतरी असायचं. परदेशात इतकी वर्षं स्वतःच्या किल्लीनं अंधाऱ्या घरात शिरल्यावर हे काय सुख असतं, ते मला विचारा.

भांडण होतं ते फक्त बटणांवरून. इंग्लंडात प्रत्येक प्लगपॉइंटला स्वतःचं बटण असतं आणि बाबांना ही सोय म्हणजे पर्वणीच वाटली. टीव्ही भिंतीपाशी बंद. वायफायचा डबा बंद. मायक्रोवेव्ह बंद, त्यामुळे त्याच्यावरचं घड्याळ कायम शून्यावर. मी रेकॉर्डिंगला लावलेल्या मालिकांपैकी एकही धड रेकॉर्ड झाली नाही. हीटिंगच्या गोल बटणावरून तर आमचं मूक युद्धच चालायचं. मी वाढवायचे, ते कमी करायचे, आणि दोघंही आपण त्या गावचेच नाही असे चहा प्यायचो. मी मनातल्या मनात खूप चिडायचे. मनातल्या मनात चिडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

नाताळच्या सुट्टीत आम्ही लंडनजवळच्या स्टॅनमोरला निघालो. नवऱ्याचा कॉलेजातला मित्र तिथे राहतो, आणि दरवर्षी चार-पाच मराठी कुटुंबं त्याच्याकडे जमतात. गाद्या टाकून झोपायचं, पावभाजी, पत्ते, एकमेकांच्या बॉसना शिव्या. थंडी त्या वर्षी भयंकर होती. गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडून नवरा आत बसला, मी बसले, आणि बाबा म्हणाले, “तुम्ही बसा, मी एकदा घर बघून येतो.”

बराच वेळ झाला तरी येईनात. नवऱ्यानं हॉर्न वाजवला. आमच्या त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं कुणी हॉर्न वाजवला नसेल. शेजारच्या बाईंचा पडदा हलला. बाबा घाईघाईनं बाहेर आले, कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि मागच्या सीटवर बसून समाधानानं म्हणाले, “चला.”

परत आलो ती दुपार मला लख्ख आठवते, कारण ऊन पडलं होतं आणि बाहेरपेक्षा घरात जास्त थंडी होती. बोलताना तोंडातून वाफ येत होती. सिंकपाशी ठेवलेल्या फडक्याचा पापड झाला होता. मी कोट न काढताच वर बाथरूममध्ये गेले आणि नळ उघडला. नळानं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि गप्प बसला. गरम पाण्याचा उघडला, तोही गप्प. फ्लश एकदा चालला आणि मग त्याचीही टाकी भरेना.

खालून नवऱ्याचा आवाज आला, “बॉयलर कुणी बंद केला?”

घर आणि पाणी दोन्ही तापवणाऱ्या त्या बॉयलरच्या शेजारी भिंतीवर एक बटण होतं, त्यात लाल दिवा. ते वर्षातून कधी बंद करायचं नसतं, म्हणून आम्ही त्याकडे कधी पाहिलंही नव्हतं.

“मी केला,” बाबा म्हणाले. मफलर सोडत होते. आवाजात काही अपराध वगैरे नव्हता, उलट थोडं कौतुकच होतं. “लाल दिवा तसाच चालू राहिला होता तुमचा. एवढे दिवस घरात कुणी नाही, कशाला उगाच जळत ठेवायचं?”

“बाबा!” नवरा म्हणाला. “अहो, इथे हिवाळ्यात हीटिंग बंद करून जात नाहीत! पाइप फ्रीझ होतात! अख्खं घर गोठवून ठेवलंत तुम्ही! जे माहीत नाही त्याला हात कशाला लावायचा?”

मला माहीत होतं, तो थंडीला ओरडत होता, गाडी चालवून दमला होता, त्याला भूक लागली होती. पण शब्द बाहेर पडून गेले होते. बाबांनी सोडलेला मफलर परत गुंडाळला आणि ते खुर्चीत बसले. “बरं,” एवढंच म्हणाले. सासूबाई गेल्या तेव्हाही ते असेच “बरं” म्हणाले होते.

बॉयलर चालू केला, हळूहळू घर तापलं. स्वयंपाकघरात पाणी होतं, कारण तो नळ थेट जमिनीतून येणाऱ्या पाइपवर होता. वरच्या मजल्यावर मात्र ठणठणाट. घराच्या आधीच्या मालकांनी बाथरूमचे पाइप माळ्यावरून फिरवून आणले होते, आणि माळा छपराखाली, खालची ऊब वर जाऊ नये म्हणून मधे जाड कापूस पसरलेला. म्हणजे आम्ही खाली कितीही तापलो तरी पाइपला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

प्लंबरला फोन लावले. ज्यांनी उचलले ते सगळे हसले. अख्ख्या गावाचे पाइप गोठले होते, नव्या वर्षाआधी कुणी येणार नव्हतं. मग काय, आम्ही खालून वर बादल्या न्यायला लागलो. पातेल्यात पाणी तापवायचं, बादलीत विसण घालायचं, आणि कार्पेटवर सांडू न देता जिना चढायचा. नवरा टबमध्ये उकिडवा बसून मगानं अंघोळ करायचा आणि आतून ओरडायचा, “एकदम पुण्यात आल्यासारखं वाटतंय!” खरं सांगू, मला मजा येत होती. सुट्टी होती, बाहेर बर्फ होता, खिचडी-पापड होता. एरवी तो हिवाळा मी फार आनंदानं आठवला असता.

पण बाबा बदलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर ते अंधारात बसलेले. “अहो, दिवा लावायचा ना,” मी म्हटलं. “लावू का?” त्यांनी विचारलं. मला वाटलं झोपेत आहेत. थोड्या वेळानं, “टीव्ही लावला तर चालेल का?” मग, “ही किटली बंद करायची की आपोआप होते?” तीन महिने रोज त्याच किटलीत ते चहाचं पाणी तापवत होते. दुपारी मी त्यांच्या खोलीवरून गेले. खोलीत कुणी नव्हतं, बाहेर ऊन होतं, आणि खोलीतला दिवा ढणढण जळत होता. मी तिथेच उभी राहिले. हाच माणूस मी भाजी घ्यायला वळले की मागून येऊन फ्रिजचं दार लावायचा. तो दिवा मी बंद केला.

हे पाहुणे झाले, माझ्या मनात आलं. घरचा माणूस चुकतो आणि ओरडा खातो, पाहुणा मात्र परवानगी मागतो.

नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, “अरे, एकदा सॉरी म्हणून टाक ना.”

“मी काय चुकीचं बोललो?”

“चुकीचं नाही बोललास. तरी म्हण.”

“ते विसरले असतील गं एव्हाना,” तो म्हणाला. बापाला ओळखण्याच्या बाबतीत मुलांइतके आंधळे कुणी नसतात.

संध्याकाळी जेवताना बाबा वरणात भात कालवत म्हणाले, “फेब्रुवारीतलं तिकीट मिळतंय का बघशील जरा? उगाच शेवटपर्यंत कशाला थांबायचं?” नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “बघतो” असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग आम्ही तिघं लोणच्याच्या चवीबद्दल बोललो. मी आमसुलाची चटणी करणार होते, ती करायची विसरले.

रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली. बाबा, तुम्ही इथे राहावं अशी आमची इच्छा आहे. बाबा, हे घर तुमचंच आहे. सगळी वाक्यं लग्नपत्रिकेतल्यासारखी वाटायला लागली. आमच्या घरांमध्ये अशी वाक्यं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हटली तर समोरचा घाबरतो, की ह्यांना काय आजार झालाय.

सकाळी शेजारच्या बाई आल्या. एकट्याच राहायच्या, सत्तरीच्या पुढच्या, मला ‘डक’ म्हणायच्या. नॉटिंगहॅमला सगळेच सगळ्यांना लाडानं डक, म्हणजे बदक, म्हणतात. पाइप तापवायला त्यांनी स्वतःचा हेअर ड्रायर आणला होता. “नळाच्या बाजूनं सुरू करा, डक,” त्या म्हणाल्या, “आणि नळ उघडा ठेवा. सावकाश. हे सगळ्यांचंच होतं.” मी मुद्दाम बाबांकडे वळून मराठीत सांगितलं, “ऐकलंत ना, सगळ्यांचंच होतं म्हणतायत.” बाबांनी बाईंना अदबीनं मान लवून थँक्यू म्हटलं. त्या सभ्यपणानं बोलतायत असंच त्यांनी धरलं, हे मला स्पष्ट दिसलं.

माळ्यावर मी चढले. नवरा सहा फुटी, छतातल्या चौकोनी भोकातून त्याचे खांदेच जाईनात. मी अंगानं लहान, शिवाय त्या दिवशी मला काहीतरी तापवायची फार गरज होती. लांब वायर जिन्याच्या माथ्यावरच्या प्लगमध्ये लावली. नवरा शिडीच्या पायथ्याशी गरम पाण्यात पिळलेले टॉवेल घेऊन. आणि बाबा?

“बाबा, तुम्ही बाथरूममध्ये नळापाशी बसा,” मी म्हटलं. “थेंब दिसला की ओरडा. आम्हाला वरून कळणार नाही.”

“मी बसू?” त्यांनी विचारलं. परत विचारलं! मी शिडीवरून खाली उतरून त्यांना हाताला धरून नेणार होते, पण ते आपण होऊन स्टूल घेऊन गेले.

माळ्यावर बसायला जागा नव्हती, गुडघ्यांवर रांगायचं. पाइप हाताला इतका गार लागायचा की भाजल्यासारखं व्हायचं. वीतभर जागा तापवायची, हात लावून बघायचं, पुढे सरकायचं. छपराच्या फटीतून उजेडाची रेघ येत होती, धुळीचे कण उडत होते. खालून नवरा टॉवेल फेकायचा, मी ते पाइपला गुंडाळायचे, आजारी माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसे. मधूनमधून विचारायचे, “बाबा, काही?” आणि बाथरूममधून उत्तर यायचं, “नाही अजून.” एकदा आलं, “आवाज येतोय बारीक.” मग, “थेंब आहे. नाही, नाही. आहे!”

आणि मग बाबांचा असा आवाज आला जो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “पाणी आलं! अगं पाणी आलं! आलं, आलं, आलं!”

मी हसले. वाड्यावस्त्यांत, चाळीत, सोसायटीत, नळ सुटला की जी हाक घराघरांतून जाते, ती नॉटिंगहॅमच्या त्या इस्त्री केलेल्या गल्लीत पहिल्यांदाच उमटली असणार. नवऱ्यानं खालून टाळ्या वाजवल्या. मी पाइपवर शाबासकीची थाप मारायला हात पुढे केला, आणि माझ्या तोंडावर पाण्याची धार बसली.

पाइप फुटला होता. आत बर्फ फुगून त्याला केव्हाच चीर पडली होती, आणि त्याच बर्फानं ती इतके दिवस बुजवून ठेवली होती. मी मोठ्या प्रेमानं तो वितळवला. आता पाणी चहूकडे उडत होतं, कापूस भिजत होता, आणि खालच्या छताला काय होणार ते मला दिसत होतं. “बंद करा!” मी ओरडले. “फुटला! पाणी बंद करा!”

“कुठून?” नवरा ओरडला.

हा प्रश्न आम्ही घर घेतल्यापासून एकमेकांना एकदाही विचारला नव्हता. तो जिन्याखालच्या कपाटाकडे पळाला. तिथून झाडू, इस्त्रीचं टेबल, जुने बूट बाहेर पडल्याचे आवाज आले. मी एका हातानं टॉवेल चिरेवर दाबून धरला होता, दुसऱ्या हातात ड्रायर, तो पाण्यापासून लांब धरलेला आणि अजून घरघरणारा. बाथरूममधलं स्टूल सरकलं. जिन्यावर बाबांची पावलं वाजली, खाली, मग स्वयंपाकघरात. सिंकखालच्या कपाटाचं दार उघडलं.

आणि मग त्यांचा आवाज आला. शांत, अदबशीर, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणसाचा असतो तसा.

“मेन कॉक सापडलाय. बंद करू का?”

पाणी माझ्या कानात जात होतं. टॉवेलखालून धार बाहेर पडत होती. आणि हा माणूस कॉकवर हात ठेवून परवानगीची वाट बघत होता. माझं डोकं फिरलं. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही.

“अहो बाबा, विचारता काय!” मी छपराखालून जिवाच्या आकांतानं ओरडले. “घर तुमचं आहे ना? मग बंद करा! वाटेल ते बंद करा! आणि फेब्रुवारीत कुठेही जायचं नाही, सांगून ठेवते!”

मग धार बुटकी झाली, पाझर झाली, थांबली. त्यानंतर माझ्या हातातला ड्रायर बंद पडला. तो मी बंद केला नव्हता. बाबा जिना चढून आले होते आणि त्यांनी प्लगचं बटण बंद केलं होतं, न विचारता.

“अक्कल आहे का तुला?” शिडीखालून ते म्हणाले. “अंगावर पाणी पडतंय आणि हातात वीज घेऊन बसलीयस! उतर आधी खाली. आणि ओरडतेस केवढ्यानं, शेजारच्या बाई काय म्हणतील?”

सासरे मला याआधी कधी एक वावगा शब्दही बोलले नव्हते. मी ओल्या कापसात बसले होते, दात वाजत होते, आणि मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

उतरले तेव्हा ते नवऱ्याकडे वळले होते. “हा कॉक मी त्या दिवशीच बंद करणार होतो,” ते म्हणत होते. “सिंकखाली वाकलोच होतो. पण तुला हॉर्न वाजवायची घाई.” नवऱ्याच्या हातात झाडू होता. “सॉरी, बाबा,” तो म्हणाला, आणि ते हॉर्नपुरतं नव्हतं हे आम्हा तिघांनाही कळलं. बाबांनी त्याच्या पाठीवर एक चापट मारली, प्रेमाची म्हणायची की शिक्षेची ते त्यांनाच ठाऊक.

छतातून टपटप गळायला लागलं होतं. बाबांनी पँट दुमडली, घरातले सगळे जुने टॉवेल मागवले आणि कार्पेटवर पसरायला सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून आत्याबाई होत्या. एरवी त्यांच्याशी बाबा अर्धा तास बोलायचे, मुलाकडे आहे, मुलाकडे थंडी फार आहे, मुलाकडे सगळं ठीक आहे. मी फोन त्यांच्या कानाला लावून धरला, कारण त्यांचे दोन्ही हात ओले होते.

“आत्ता नको गं,” बाबा घाईनं म्हणाले. “आमच्या घरात पाइप फुटलाय.” आणि मग माझ्याकडे बघून, “उभी काय राहिलीस? बादली आण.”

मी बादली आणायला धावले.